बहिणीसमोर न उच्चारायचे शब्द

४ फेब्रुवारी, सोमवार

आज मुख्याध्यापक माफिलेओ सरांनी ऑफिसात बोलावून एक खोकं माझ्यापुढे सरकवलं. आत राजधानीहून आलेल्या पुस्तिका. ‘ऑनलाइन शिष्टाचाराचे दहा नियम’. मुखपृष्ठावरच्या मुलांनी लोकरीच्या टोप्या घातल्यात. आमच्या बेटावर लोकरीची टोपी कोणी घातली तर त्याला ताप आलाय असं समजतील.

सर म्हणाले, “तोआकासे, तू समुद्रापलीकडे सुवाला विद्यापीठात शिकून आलीस. हे काम तुझंच. फॉर्म चारच्या वर्गाला दर बुधवारी एक तास. पंधरा मार्चला अधिकारी बघायला येणार आहेत.”

मी लगेच हो म्हटलं. समुद्राखालून केबल आल्यापासून इथल्या पोरांच्या हातात सगळं जग आलंय, आणि त्या जगात कसं वागायचं ते सांगायला कोणी नाही. मी सांगेन. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. आईनं माझा पदवीदानाचा फोटो येशूच्या चित्राशेजारी टांगलाय, फक्त बोटभर खाली. त्या बोटभर अंतराला शोभेल असं काहीतरी मला करायचं आहे.

६ फेब्रुवारी, बुधवार

पहिला तास. नियम पहिला: जे तोंडावर बोलणार नाही, ते लिहू नका.

पेनीनं हात वर केला. “बाई, आपल्याकडे तोंडावर कोणी काहीच बोलत नाही. मग काहीच लिहायचं नाही का?”

वर्ग हसला. मी त्याला गप्प बसवलं. वर्गात असा एखादा असतोच.

शेवटी सगळ्यांचा एक ग्रुप केला. सव्वीस मुलं आणि मी. रोज एक विचार टाकायचा, त्यावर चर्चा. मुलं मान खाली घालून “हो बाई, हो बाई” म्हणाली.

११ फेब्रुवारी, सोमवार

ग्रुप आदर्श आहे. मी काहीही टाकलं की पंचवीस वेळा ‘धन्यवाद बाई’. पेनी प्रत्येक वेळी ‘आमेन’ लिहितो, प्रश्नालासुद्धा. एक वाकडा शब्द नाही, एक चावट चित्र नाही. सुवाच्या वसतिगृहातला आमचा मुलींचा ग्रुप आठवला की कान गरम होतात. आमची मुलं मुळातच सभ्य आहेत. शिष्टाचार त्यांच्या रक्तात आहे, मी फक्त त्याला नियमांची नावं देते आहे.

जेवताना आईला हे सगळं सांगितलं. आम्ही दोघी आत चटईवर, केलेपी नेहमीसारखा बाहेर स्वयंपाकाच्या खोपटात. भाऊ मोठा झाला की बहिणीबरोबर एका ताटाशी बसत नाही, एका छपराखाली निजत नाही. तो बारा वर्षांचा झाला तेव्हापासून अंगणातल्या त्याच्या खोलीत राहतो. आता एकोणीसचा आहे, धक्क्यावर माल उतरवतो. त्याच्या तोंडून एकही वाईट शब्द मी आजवर ऐकलेला नाही. असा भाऊ मिळायला नशीब लागतं. पेनीच्या ‘आमेन’चा किस्सा सांगितला तेव्हा कुडापलीकडून त्याचं हसू ऐकू आलं. मग त्यानं आईमार्फत विचारलं, “अजून काय झालं वर्गात?”

माझ्या कामात त्याला रस आहे, हे पाहून फार बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

फेसबुकवर एक पान आहे, ‘धक्क्यावरचा वारा’. चालवणाऱ्याचं नाव नाही. बेटावरच्या लोकांची टवाळी, कोण कुणाच्या अंगणात दिसलं वगैरे. नऊशे लोक वाचतात, अर्धे ऑकलंड-सिडनीला गेलेले आपलेच. आज तिथं आमचा वर्ग! ‘आमेन-वर्गात आपलं स्वागत आहे. इथं बाईंनी शिंकलं तरी आमेन.’ खाली दोनशे हसरे चेहरे.

म्हणजे ग्रुपातलं कोणीतरी आतलं बाहेर नेतंय. मी ग्रुपवर लिहिलं, “हा विश्वासघात आहे. ज्यानं केलं त्यानं पुढे यावं.”

पंचवीस धन्यवाद. आणि एक आमेन.

मला पेनीचाच संशय येतोय.

२० फेब्रुवारी, बुधवार

आज कागदावर लिहायला दिलं: ‘ऑनलाइन मला कधी अवघड वाटलं.’ वचन दिलं की माझ्याशिवाय कोणीही वाचणार नाही. बहुतेकांनी ‘कधीच नाही, देवाची कृपा’ असं लिहिलं.

हेइलालानं मात्र दीड पान. एका दुसऱ्या बेटावरच्या मुलाशी ती फोनवर बोलायची. बोटींच्या यंत्रांबद्दल बोलता बोलता त्यानं एक दिवस फोटो मागितला, कसला ते तिनं लिहिलं नाही पण कळतं. तिनं नाही म्हटलं. तीन वेळा. मग त्याला कायमचं ब्लॉक केलं. ‘नाही कसं लिहायचं तेच मला कळत नव्हतं, कारण नाही म्हणायला आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.’

वाचून डोळे भरून आले. हे त्या पुस्तिकेतल्या दहाही नियमांपेक्षा मोठं आहे.

जेवताना राहवलं नाही, आईला सांगितलं. तिचं नाव अर्थातच घेतलं नाही, वचन म्हणजे वचन. एवढंच म्हटलं की खडकाच्या टोकाकडच्या घरातली एक मुलगी आहे, बापाबरोबर बोटींची यंत्रं दुरुस्त करते, तिनं वावाऊ बेटावरच्या एका पोराला कसं ठणकावलं. आई म्हणाली, “शहाणी पोर.” खोपटातला भांड्यांचा आवाज थांबला होता. केलेपीही ऐकत असावा. भावांनी ऐकावंच असं.

२५ फेब्रुवारी, सोमवार

हेइलाला आली नाही.

शनिवारी त्या पानावर आलं. ‘टोकाकडची मेकॅनिक वावाऊच्या गिऱ्हाइकाला फोटो पाठवते. यंत्र कुठलं उघडून दाखवलं विचारा.’ त्यापुढचं वाक्य मी या वहीतही लिहू शकत नाही. नाव नाही. पण बेटावर मेकॅनिक मुलगी एकच.

मी ग्रुपवर लिहिलं, “हे खोटं आहे, घाणेरडं आहे. आपण सगळे मिळून तिच्या बाजूनं उभे राहू या.” मला वाटलं होतं मुलं पेटून उठतील.

कोणीच काही लिहिलं नाही. धन्यवादसुद्धा नाही.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

तिच्या घरी गेले. तिचे वडील माका अंगणात इंजिन उघडून बसले होते. मला चटई घातली, नारळ फोडून दिला. हेइलाला आतून बाहेर आली नाही.

“काका, तिला शाळेत पाठवा. तिची काही चूक नाही.”

“हो बाई.”

“हे वर्ष परीक्षेचं आहे. यंत्रांची एवढी हुशारी, पुढे शिकायला हवी ती.”

“हो बाई, हो.”

आमच्याकडे दोनदा हो म्हणजे नाही. मी उठत नाही असं पाहून शेवटी ते म्हणाले, “ऑकलंडहून माझ्या मोठ्या भावाचा फोन आला. म्हणाला, पोरगी घरात ठेव, नाहीतर माझ्याकडे धाड, मी सरळ करतो. चर्चमध्ये माझ्यामागच्या बाकावर लोक खोकतात, बाई. तुमची पुस्तिका त्या खोकल्याचं काही करेल का?”

मी म्हटलं, “ज्यानं लिहिलं त्याला मी शोधून काढीन. आणि तिला वर्गात परत आणीन.”

“हो बाई,” ते म्हणाले. “हो.”

माफिलेओ सरांना भेटले. त्यांचं म्हणणं, बोललं की वाढतं. “पंधरा तारखेपर्यंत तुझा तो ग्रुप स्वच्छ ठेव. तेवढं कर.”

४ मार्च, सोमवार

आज मी एक लाजिरवाणी गोष्ट केली. तास सुरू होण्याआधी पेनीचा फोन मागितला. त्यानं निमूट दिला. दुसऱ्याचा फोन बघू नये हा सातवा नियम मीच पाठ करून घेतलाय, आणि मी त्याचा फोन दहा मिनिटं उलटा-पालटा केला. त्यात ‘धक्क्यावरचा वारा’चं काही नाही. मासेमारीची चित्रं आणि त्याच्या आजीचे निरोप.

फोन परत देताना तोच म्हणाला, “माफ करा बाई.”

“तू कशाबद्दल माफी मागतोस?”

“तुम्हाला राग आला म्हणून.”

मला रडू येईल असं वाटलं. “पेनी, त्या ग्रुपात तू नुसतं आमेन का लिहितोस रे? हेइलालाबद्दल एक शब्द का नाही लिहिलास?”

तो जमिनीकडे बघत म्हणाला, “बाई, त्या ग्रुपात माझ्या चार बहिणी आहेत. दोन चुलत, एक मावस, एक आजोळची. बहिणींच्या देखत मी ‘फोटो’ हा शब्द तरी काढू शकतो का? आणि मुलींना तरी भावांपुढे काढता येतो का? तिथं आमेनशिवाय काय लिहिणार?”

सव्वीस मुलं. एका छोट्या बेटावरची. माझ्याकडे हजेरीपट आहे, त्यांची गोत्रं मला पाठ आहेत. मी सगळ्या भावांना आणि सगळ्या बहिणींना एका खोलीत कोंडलं, दार लावून घेतलं आणि आतल्या शांततेला शिष्टाचार म्हटलं. मी इथलीच आहे ना? सुवाच्या ग्रुपात माझा एकही भाऊ नव्हता, म्हणून तिथं बोलता येत होतं. एवढं साधं मला पदवी घेऊन कळलं नाही.

आणि ते पान कुणाच्या जिवावर चाललंय, तेही आज कळलं. ज्यांची टवाळी होते त्या मुलींना तक्रार करायला तेच शब्द भावांसमोर उच्चारावे लागतील. म्हणून कोणी तक्रार करत नाही. लिहिणाऱ्याला हे पक्कं ठाऊक आहे.

६ मार्च, बुधवार

शाळेच्या मैदानापलीकडे, चर्चच्या पाण्याच्या टाकीपाशी हेइलाला भेटली. घागरी भरून झाल्या होत्या तरी नळ सोडून उभी होती, म्हणजे माझीच वाट बघत होती.

“बाई, एक विचारू? तुम्ही माझा कागद कुणाला दाखवलात?”

“कुणालाही नाही. देवाशपथ. कपाटात कुलपात आहे.”

“मी एउआ लिहिलं होतं.”

“काय?”

“तो मुलगा एउआ बेटाचा होता. मी एउआच लिहिलंय, बघा तुम्ही. आणि पानावर वावाऊ आलं.” तिनं नळ बंद केला. “खोटं बोलायला वावाऊच कशाला घेतलं असेल कुणी?”

ती घागरी उचलून गेली. मी शाळेत पळत आले, कपाट उघडलं. एउआ. तिच्या नीटस अक्षरात तीन वेळा एउआ.

वावाऊ मी म्हटलं होतं. जेवताना. माझ्या चुकीनं.

आई फोन वापरत नाही.

७ मार्च, गुरुवार

काल याच्यापुढे काही लिहू शकले नाही. आज लिहिते, जसं झालं तसं.

काल संध्याकाळी आईला म्हटलं, मी केलेपीच्या खोलीत जाते आहे. आईनं हातातलं तारोचं अळूसारखं पान खाली ठेवलं. “तुला तिथं जाता येत नाही.”

“येतं. चार पावलं आहेत.”

“तोआकासे, तो भाऊ आहे तुझा. त्याला मी विचारीन, तुझा मामा विचारेल. बहिणीनं असल्या गोष्टी भावाशी बोलायच्या नसतात. जगात आग लागली तरी.”

“आग आपल्याच घरातून लागलीय, आई.”

सात वर्षांत मी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. मला बघताच केलेपी उठून बाहेर पडायला निघाला, भावानं निघावं तसा, नजर खाली. मी दारात उभी राहिले. माझ्या अंगाला न लागता बाहेर पडायला जागाच नव्हती.

“बस,” म्हटलं.

आणि त्या पानावरचं मोठ्यानं वाचायला लागले. पहिल्या पोस्टपासून. त्यानं मुलींवर लिहिलेल्या चौदा पोस्टी. जे शब्द मी वहीत लिहू शकले नव्हते ते सगळे, एकही न गाळता, माझ्या तोंडानं, माझ्या भावासमोर. 

त्यानं दोन्ही कान झाकले. “ताई, नको. पाया पडतो तुझ्या. हे नको वाचूस.”

“का? लिहिताना गोड लागलं ना? खोपटातून माझं सगळं ऐकत होतास ना? आता समोर बसून ऐक.”

“मी ते तुझ्यासाठी नाही लिहिलं!”

“मग कुणाच्या बहिणीसाठी लिहिलंस?”

तो रडायला लागला. एकोणीस वर्षांचा, सिमेंटची दोन पोती एका वेळी उचलणारा. “लोक हसत होते, ताई. धक्क्यावर पोती उचलणाऱ्याला कोण विचारतं? तू शिकायला गेलीस, तुझा फोटो भिंतीवर लागला. माझं पान नऊशे लोक वाचतात.”

“नऊशेंत तुझं नाव कुणाला माहीत आहे?”

त्यानं हाताच्या पाठीनं नाक पुसलं.

“हेइलाला तुझी कोण लागते?”

 मग अगदी हळू, “आजीच्या बहिणीची नात.”

“म्हणजे कोण?”

“बहीण.”

उरलेल्या पाच पोस्टी वाचल्या आणि बाहेर आले. आई अंगणात डोक्यावर फडकं ओढून रडत होती. त्यानं जे लिहिलं त्याच्यासाठी नव्हे, मी जे वाचलं त्याच्यासाठी. रडू दे. मी सात वर्षं ज्याला आदर समजत आले ते कुडाचं भिंताड होतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघंही आपापल्या परीनं वाईट वागत होतो. तो नाव लपवून, मी नाव न घेता.

८ मार्च, शुक्रवार

सरांना सगळं सांगितलं. ते हातातला पेला फिरवत राहिले.

“पंधरा तारीख जाऊ दे. मग दोन घरांत बसून गुपचूप मिटवू.”

“बेअब्रू नऊशे लोकांसमोर झाली, सर. मिटवायचं दोन घरांत?”

“तुझाच भाऊ आहे हे बाहेर आलं, तर शिष्टाचाराचा तास तुझ्याकडे राहील असं वाटतं तुला?”

“नाही राहिला तर नाही. पण मग तो तास कशाचा होता, हे तरी मुलांना कळेल.”

“फार शिकलीस तू,” ते म्हणाले. हे वाक्य आमच्याकडे शिवी म्हणून वापरतात. मी धन्यवाद म्हटलं.

९ मार्च, शनिवार

सकाळी केलेपीनं पानावर लिहिलं. स्वतःचं नाव, स्वतःचा फोटो. ‘मेकॅनिकबद्दल लिहिलेलं खोटं आहे. तिनं नाही म्हटलं होतं. मी केलेपी, मी ते लिहिलं.’ मी सांगितलं होतं, पण शब्द त्याचे. दुपारपर्यंत खाली एवढ्या शिव्या पडल्या की त्यानं फोन पालथा ठेवला. मी म्हटलं, वाच. एकही काढायची नाही.

मग आम्ही माकाकाकांच्या अंगणात जाऊन बसलो, जसं आमचे पूर्वज गुन्हा झाल्यावर बसायचे तसं. कमरेला घरातली सगळ्यात फाटकी मोठी चटई, गळ्यात इफीच्या झाडाच्या पानांचे हार, मान जमिनीपर्यंत. बोलायचं नाही. घरधन्यानं बाहेर येऊन हार काढला तर माफी. नाही काढला तर बसून राहायचं. केलेपीला वाटलं होतं मी नुसती सोबत येईन. मी हार घातल्यावर तो म्हणाला, “ताई, तू का?”

“तिनं मला विश्वासानं लिहिलं, ते मी घरी जेवताना सांगितलं. तू उरलेलं केलंस.”

अर्ध्या तासानं माकाकाका बाहेर आले. आधी केलेपीचा हार काढला, मग माझा. “झालं. देवानं ऐकलं. उठा, पोरांनो.” आतून त्यांच्या बायकोनं उकडलेले यामचे कंद आणि मासे आणायला घेतले. झालं, संपलं. इथं प्रत्येक जण उठतो, गळ्यात पडून रडतो, जेवतो. तीच रीत आहे.

मी हार उचलला आणि परत गळ्यात घातला.

माकाकाका बघतच राहिले. “बाई, माफ केलं म्हटलं ना मी?”

“ऐकलं, काका. उपकार आहेत.”

“मग?”

“माफी मला मिळाली. शाळा हेइलालाची बुडते आहे. ती सोमवारी येईल का?”

“ते वेगळं आहे.”

“मग मी बसते.”

असं कोणी कधी केलेलं नाही. कुंपणाशी लोक जमले. एक म्हातारी म्हणाली, “माफी पचली नाही वाटतं हिला!” दुसरी म्हणाली, “पदवीवाली आहे, हिला पावती लागत असेल.” केलेपीनं माझ्याकडे पाहिलं, आपला हार शोधला आणि तोही घालून परत बसला.

माकाकाका इंजिनाशी जाऊन खाटखूट करू लागले. तास गेला. वाढलेली ताटं आमच्यापुढे गार होत होती. ज्याच्या अंगणात पाहुणा उपाशी बसलाय त्याला स्वतः जेवता येत नाही, म्हणून घरातलं कोणीच जेवत नव्हतं. त्यात उद्या रविवार, त्या दिवशी काम वर्ज्य, म्हणजे जमिनीत अन्न भाजायची उमूची भट्टी आजच खणून लाकूड रचून ठेवायला हवी, आणि आम्ही नेमके त्या खड्ड्याच्या तोंडाशी बसलेलो. ते फावडं घेऊन आले, आमच्याभोवती एक फेरी मारली, परत गेले.

“ऑकलंडचा भाऊ काय म्हणेल?” असं त्यांनी इंजिनाला विचारलं.

“त्यांनी सकाळपासून पानावर चार वेळा लिहिलंय, काका. नाव टाकून लिहिणाऱ्या माझ्या भावाला ते डुक्कर म्हणाले. तुमच्या मुलीला सॉरी म्हणाले नाहीत. त्यांनाही इथंच बसवू का?”

कुंपणाशी कोणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात घरातून हेइलाला बाहेर आली, हाताला ग्रीस. आमच्याकडे तिनं बघितलंही नाही. बापाला म्हणाली, “बाबा, मला भूक लागलीय. आणि मी सोमवारी जाणार आहे. तुम्ही हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण दोनदा हो म्हणू नका.”

माकाकाकांनी फावडं जमिनीत रोवलं. 

“जा,” ते म्हणाले. एकदाच. मग माझ्यावर ओरडले, “आता तरी उठा! माझी भट्टी अडवून बसलाय!”

११ मार्च, सोमवार

हेइलाला आली. मला नमस्कार केला नाही, शेवटच्या बाकावर बसली. ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलेल असं मला वाटत नाही. केलेपीला तर कधीच नाही. ठीक आहे. मी तिला परत आणायचं म्हटलं होतं, परत आपलंसं करायचं नाही.

पहिल्या तासालाच माझा फोन वाजला. वर्गाच्या ग्रुपवर निरोप होता, सगळ्या भावांसमोर, सगळ्या बहिणींसमोर.

‘मी हेइलाला. त्या खोट्या पोस्टीखाली या वर्गातल्या अकरा जणांनी हसरा चेहरा टाकला होता. सात मुलगे, चार मुली. नावं माझ्याकडे आहेत. मधल्या सुट्टीत टाकीपाशी मी एकटी उभी असेन. समोर येऊन हसा.’

 कोणी धन्यवाद लिहिलं नाही. आमेनही नाही.

मधल्या सुट्टीत माफिलेओ सर फोन हातात धरून माझ्यापाशी आले. त्यांना कोणीतरी दाखवलं होतं. “चार दिवसांवर अधिकारी आलेत आणि हे? याला शिष्टाचार म्हणतात?”

“हो सर,” मी म्हटलं. एकदाच. “पंधरा तारखेला हाच धडा दाखवणार आहे. माझ्याकडून काढून घ्यायचा असेल तर आजच काढून घ्या.”

ते खिडकीशी गेले. मीही गेले. टाकीपाशी हेइलाला हाताची घडी घालून उभी होती. तिच्यासमोर पाच जण माना खाली घालून, आणि सहावा मैदानाच्या मध्यापर्यंत येऊन थबकलेला.

“मान वर!” ती पाचांवर ओरडली. आवाज थेट आमच्या खिडकीपर्यंत आला. “माझ्याकडे बघून बोला!”

मैदानातला सहावा पुन्हा चालायला लागला. पाच अजून यायचे आहेत.